दिपोटींची दृष्ट

आमच्या इंग्रजीच्या बाईंचा हट्ट असा, की शब्दाचा अर्थ मराठीत सांगायचा नाही, करून दाखवायचा. ‘वॉर्ड ऑफ’ आलं तेव्हा त्यांनी छत्री उगारून अंगावर येणारं कुत्रं परतवलं. कुत्रं नव्हतंच, त्यामुळे आम्ही सातजणी ढिम्म. मी विचारलं, "बाई, आमची आई दर अमावास्येला दृष्ट काढते, तसं का?" बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "दिपोटी येतील तेव्हा हेच करून दाखव."

दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. मुलींना इंग्रजी हवं कशाला, असं म्हणत ते आमचा वर्ग बंद करायच्या बेतानेच येणार होते. वर्ग गेला की बाईंची नोकरी गेली, आणि माझं लग्न ठरलंच म्हणून समजा. मला ते मुळीच नको होतं.

साहेब यायच्या दिवशी मी नदीपलीकडच्या घरून परकराच्या ओच्यात मीठ, मोहरी आणि घरातल्या सगळ्यांत जहाल मिरच्या घेऊन आले. शिपायाची शेगडी वर्गात आली. साहेबांनी तोंड वाकडं करून, बाईंनी उघडून दिलेल्या पानावरचं ‘वॉर्ड ऑफ’च विचारलं. बाईंना वाटलं, मी त्यांच्यावरून उतरवीन. मी थेट साहेबांच्या पगडीवरून उतरवलं, "आल्यागेल्याची, पाप्याचांडाळाची" असं पुटपुटले आणि मूठ निखाऱ्यांवर टाकली.

काय तो खकाणा, बाई गं! मुली खोकून बेजार, बाई खिडकीशी, शिपाई केव्हाच पसार. साहेब मात्र खुर्चीत स्वस्थ.

आता हे घरोघरी ठाऊक असतं, की ठसका लागला तर काही नाही, नाही लागला तर दृष्ट जबर. साहेबही कुठल्यातरी आईच्याच हातचे. त्यांचा चेहरा उतरला. इंग्रजी बाजूला ठेवून हळूच म्हणाले, "मुली, पुन्हा एकदा काढ बघू."

तीनदा काढली. तिसऱ्या खेपेला ते स्वतःच शेगडीवर वाकले, तेव्हा कुठे एक ठसका आला. जीव भांड्यात पडला त्यांचा. जाताना बाईंना म्हणाले, "वर्ग चालू राहू द्या. उपयोगाचं शिकवता."

ते गेल्यावर बाईंनी माझा कान धरला. "त्यांच्या उपरण्यावर तपकिरीचे डाग होते. दिवसभर तपकीर ओढणाऱ्या नाकाला मिरची कसली लागते? तुला दिसलं नाही?"

"दिसलं होतं की. तुम्हालाही दिसलं होतं, बाई. मग आपण दोघींनी मिळूनच वॉर्ड ऑफ केलं ना?"

बाईंनी कान सोडला.