चौदा तासांचं मशीन

सगळे तिला मीटरबाई म्हणत. अठरा वर्षं तिने घरोघरी फिरून पाण्याच्या मीटरचे आकडे वहीत टिपले होते. मग ऑफिसने वह्या जमा करून घेतल्या आणि हातात मावेल असं मशीन दिलं. मीटरचा फोटो काढायचा, आकडा घालायचा, की जागच्या जागी छापील चिठ्ठी बाहेर. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, एकदा चार्ज करा, चौदा तास चालवा.

पहिल्याच दिवशी बारा चाळीसला ते बंद पडलं. तेव्हा ती एका इमारतीच्या तळघरात गुडघ्यांवर बसली होती.

"नीट चार्ज केलं नसेल तुम्ही," साहेब म्हणाले.

केलं होतं. मिक्सरचा प्लग काढून केलं होतं आणि त्यावरून सासूबाईंची बोलणीही खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी पावणेएक, तिसऱ्या दिवशी बारा वीस. उरलेली घरं ती कागदावर टिपायची आणि संध्याकाळी ऑफिसात बसून तेच आकडे पुन्हा मशीनमध्ये भरायची. काम दुप्पट, वर 'बाईंना मशीन जमत नाही' हा शिक्का.

"मला जमत नाही?" ती नवऱ्यावर उखडली. "अहो, त्या मेल्यालाच दिवस झेपत नाही!"

"माझ्यावर कशाला ओरडतेस? मी बनवलंय का?"

महिन्याभराने कंपनीचा इंजिनिअर आला. मशीन उलटसुलट करून म्हणाला, "बॅटरी उत्तम आहे, ताई. आमच्या चाचणीत पूर्ण चौदा तास चालते."

"चाचणी कशी घेता?"

"टेबलावर. स्क्रीन मंद, छपाई बंद."

"म्हणजे झोपवून ठेवता! झोपून तर मीही चौदा तास चालेन. उद्या आठला या. मशीन तुम्ही धरा, दारं मी दाखवते."

साहेबांसमोर त्याला नाही म्हणता येईना.

उन्हात काही दिसेना म्हणून त्याने स्क्रीन पूर्ण उजळली. तळघरांत फ्लॅश लागला, नेटवर्क शोधता शोधता मशीन तापलं. साडेबाराला, चौऱ्याण्णवाव्या घरी, अर्धी चिठ्ठी बाहेर लोंबकळत ठेवून ते गप्प झालं. त्याने बटण दाबलं, परत दाबलं, शेवटी तळहाताने एक फटका दिला.

"तेही करून झालंय," मीटरबाई म्हणाली.

तो पायरीवर टेकला. "किती घरं राहिली?"

"साठ. घ्या कागद-पेन."

चार वाजेपर्यंत तो तिच्यामागे फिरला. परतल्यावर त्याने स्वतःच्या सहीने लिहून दिलं: प्रत्यक्ष कामात साडेचार तास. पंधरा दिवसांत सगळ्यांना जादा बॅटरी मिळाली. माफी मात्र कुणी मागितली नाही.

"आता तरी तक्रार नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "दुसरी दुपारच्या उन्हात तीनलाच मान टाकते."