अंगठा माझा, ओरडणं तिचं

त्या सकाळी आमच्या अंगणात रक्ताचे ठिपके दिसले आणि घरातला कर्ता पुरुष म्हणून तपास माझ्याकडे आला. मी नुकताच वांग्यांना पाणी देऊन मळ्यातून परतलो होतो. ठिपके दारापासून न्हाणीपर्यंत गेलेले. मी आधी कुत्र्याचे चारही पाय उचलून पाहिले, मग बकरीचे. बकरीनं लाथ घातली, पण तिच्या पायाला काही झालेलं नव्हतं. मांजर सापडलं नाही, म्हणून सगळा संशय मांजरावर ठेवून मी गोठा, परसदार, ओसरी असा हिंडत राहिलो. जितका तपास वाढला तितके ठिपके वाढले. शेवटी बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवो, तुमी जिथं जाता तिथंच रक्त कसं काय पडून राह्यलं?"

मी खाली बसून उजवा पाय वर घेतला. अंगठ्याखाली फुटक्या शिशीची काच रुतली होती, चांगली पेराएवढी. मला तिचा पत्ताच नव्हता.

साखरेचा आजार मला बरीच वर्षं आहे. गोळ्या मी घ्यायचो, म्हणजे आठवण झाली तर घ्यायचो. तळपाय बधिर होत चालले होते, पण ती मला सोयच वाटत होती. काटा टोचत नाही, तापलेली माती भाजत नाही, शेतकऱ्याला आणखी काय पाहिजे? अकलेचे तारे तोडायला काही पैसे पडत नाहीत.

बायकोनं काच ओढून काढली आणि वर मूठभर हळद दाबली. शेजारच्या म्हाताऱ्यानं तंबाखू चोळून लावायला सांगितली. त्याच्या मेव्हण्याला म्हणे तिचा फार गुण आला होता. मेव्हणा वारला होता, पण ते म्हणे दुसऱ्या कशानं तरी. आम्ही तंबाखूही लावली. दोन-तीन दिवसांत अंगठा वांग्यासारखा झाला, रंगानंसुद्धा.

मग कामरगावचा दवाखाना. डॉक्टर तो लेप धुता धुता म्हणाला, "काका, जखमेला फोडणी कशाला दिली?" मी हसलो, बायको हसली. मग त्यानं माझी साखर तपासली आणि एकटा तो हसायचा थांबला. म्हणाला, "साखर आटोक्यात आली नाही तर ही जखम भरणार नाही. आणि ही भरली नाही तर अंगठा काढावा लागेल." पाय जमिनीला टेकवायचा नाही, दिवसाआड ड्रेसिंगला यायचं, गोळ्या आणि इन्सुलिन चुकवायचं नाही, आणि घरचं काहीही वर लावायचं नाही. शेवटचं वाक्य त्यानं बायकोकडे बघून सांगितलं.

मी घाबरलो. भाजीपाला करणारा माणूस वाफ्यात पाणी वळवताना दर वेळी फावडं उचलत नाही. टाचेनं चिखल ओढायचा आणि अंगठ्यानं दाबून पाणी बंद करायचं, हे मला कोणी शिकवल्याचंही आठवत नाही. शाळेतलं सगळं विसरलो, एवढं एक मला येतं. अंगठा गेला तर मी वाफ्याच्या कडेला बसून दुसऱ्याचं पाणी बघणारा म्हातारा होणार होतो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि त्यामुळे का होईना, सकाळी साखर थोडी उतरली.

आता पाय न टेकवता दवाखान्यात जायचं कसं? आमच्या अरुंद पांदणवाटेत ऑटो येत नाही. बायकोला प्रश्न पडलाच नाही. "लोटगाडी त रोज जाते ना कामरगावात. बसा तिच्यातच."

तर मी भाजीच्या लोटगाडीत बसून दवाखान्यात जाऊ लागलो. डाव्या अंगाला सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या, उजवीकडे टमाटे, पुढे एक कोहळं आणि त्या कोहळ्यावर माझा पट्टी बांधलेला पाय. मागून बायको ढकलायची. वाटेत बाया आधी माझ्या पायाची चौकशी करायच्या, मग पालकाचा भाव विचारायच्या. एकानं माझ्याकडे बोट दाखवून बायकोला विचारलं, "हे काय भावानं?" ती म्हणाली, "हे भाजीसंग फुकट हायेत. नेता का?" त्यानं नुसते टमाटे नेले.

आमची कारली कधी एवढी खपली नव्हती. साखरेचा माणूस स्वतः गाडीत बसलाय म्हटल्यावर लोकांना वाटायचं, कारली इथलीच घ्यावी. "गुण येते का हो याचा?" असं विचारलं की मी खरं तेच सांगायचो, "आला असता त मी गाडीत कायले बसलो असतो?" तरी घ्यायचे. एक जण म्हणाला, माणूस प्रामाणिक आहे, आणि दोन किलो घेऊन गेला.

खरा तमाशा दवाखान्यात. डॉक्टर चिमट्यानं जखमेतली मेलेली कातडी काढायचा, आणि मी आपला वरचा पंखा बघत पडायचो. मला काहीच कळायचं नाही. बायको मात्र चिमटा दिसला की सुरू व्हायची, "आई वं! मेली वं माय मी!" बाहेर नंबर लावून बसलेल्यांतले एक-दोन जण बरे होऊन घरी जायचे. एकदा डॉक्टरनं चिमटा खाली ठेवला. "काकू, जखम नक्की कोणाला आहे?"

ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "ह्याइले त काईच समजत नाई. कोणी त ओरडलं पायजे."

डॉक्टरनं चिमटा पुन्हा उचलला. मी पंखाच बघत राहिलो, पण त्या दिवसापासून तिनं हातावर ठेवलेली गोळी मी मुकाट गिळू लागलो.

एकदा असंच ओरडता ओरडता ती भिंतीला टेकली आणि सरळ खाली बसली. डॉक्टरनं मला तसंच अर्धवट सोडून तिच्या बोटाला सुई टोचली. साखर माझ्याहून जास्त निघाली. तिला ते अजिबात पटलं नाही. "ह्याइचंच रक्त लागलं असन त्या मशिनीले," ती म्हणाली. नवी पट्टी घालून पुन्हा पाहिलं, आकडा तोच. जाताना मी गाडीत बसलेला आणि ती ढकलणारी, दोघंही पेशंट. कोणी कोणाला ढकलावं याचा विचार मी करत होतो, पण मला पाय टेकवायची मनाई होती.

जखम आतून हळूहळू भरत आली. कडा जवळ आल्या, पाणी सुटायचं थांबलं. एक दिवस डॉक्टर म्हणाला, "काका, अंगठा राहिला," आणि मी एवढा मोठा माणूस त्याच्यासमोर रडलो. बधिरपणा मात्र जाणार नव्हता. आता वाफ्यातही बुटाशिवाय जायचं नाही, बूट आधी झटकून आत हात घालून बघायचा, आणि रोज संध्याकाळी दोघांनी एकमेकांचे तळपाय बघायचे.

माझा पाय तिच्या मांडीवर बिनबोभाट गेला. तिचा पाय मागितला तर तंटा. "नवऱ्यानं पाय धरला त मले नरकातही जागा भेटनार नाई!" बरेच दिवस तिनं टाळलं. शेवटी तोड तिनंच काढली. आधी माझ्या पाया पडून माफी मागितली, मग तोंडावर पदर ओढला आणि खाटेवरून पाय असा पुढे केला, की जणू तो कोणा दुसऱ्याच बाईचा आहे.

इतक्या वर्षांच्या संसारात मी तिचा तळवा कधी पाहिलाच नव्हता. मोबाइलची बॅटरी लावली. टाचेजवळ बाभळीचा काटा पार आतपर्यंत गेला होता, भोवतालची कातडी लाल होऊन सुजलेली. मी तिच्या ओरडण्याची तयारी ठेवली आणि नखानं काट्यावर दाबलं. पदराआडून आवाज आला नाही. पुन्हा दाबलं, जरा जोरात. तरी नाही.

"काटा हाये वं," मी म्हणालो. "दुखते का?"

तिनं पदर बाजूला करून पाहिलं.

"कोठं?"