ताईंचा टेम्पो

संध्याकाळी शिफ्ट सुटली की चाकणच्या आमच्या कंपनीच्या गेटवर ताई उभ्या असायच्या. बस भरली की तिच्या पत्र्यावर तळहातानं दोन थापा मारायच्या आणि म्हणायच्या, "निघा आता." बस निघायची. मागून कुणी धावत येत असलं तरी निघायची. एकदा खुद्द मोठे साहेब गाडी सर्व्हिसिंगला दिली म्हणून बसनं जाणार होते. ते फोनवर बोलत बसले आणि बस त्यांना टाकून गेली. दुसऱ्या दिवशी ताईंनी त्यांना एवढंच विचारलं, "काल रिक्षा मिळाली ना साहेब?"

या ताई आमच्या ॲडमिनच्या. अकाउंट्समधल्या माझ्या टेबलाला लागूनच त्यांचं टेबल होतं. बस, कँटीन, पाहुण्यांच्या गाड्या, दिवाळीची मिठाई, गळका नळ, सगळं त्यांच्याकडे. अशी एक बाई प्रत्येक कंपनीत असते, तुमच्याही ऑफिसात असेल. ती कामावर असते तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही आणि एक दिवस रजेवर गेली की चहाला साखर नसते. ताई मूळच्या लातूरकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आल्या, चऱ्होलीत फ्लॅट घेतला, सगळं काही इकडचं केलं, पण बोली बदलली नाही. "काय करायलीस?" असं मला विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता माझा डबा उघडायच्या.

दर हिवाळ्यात आमची कंपनी परदेशी पाहुण्यांसाठी आणि बड्या ग्राहकांसाठी गोल्फचा एक दिवस ठेवायची. त्याची सगळी व्यवस्था अर्थात ताईंची. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, पोहे, बक्षिसाचे कप. साहेब लोक टोप्या चढवून पहिला बॉल मारायचे, मग समोरच्या टेकाडावर चढायचे आणि पलीकडे दिसेनासे व्हायचे. परत यायचे ते दुपारी, उन्हानं लाल होऊन आणि शाळा सुटल्यासारखे हसत.

एका वर्षी ताईंनी मला मदतीला नेलं होतं. पाहुणे टेकाडापलीकडे गेले आणि आम्ही दोघी पोह्यांच्या टेबलामागे उभ्या होतो.

"काय असंल गं पलीकडं?" ताई म्हणाल्या.

"गवत असेल," मी म्हटलं. मला ऊन सोसत नाही, त्यामुळे तेव्हा मी कुणाशीच नीट बोलत नव्हते.

"इतकी वर्षं मी ह्यांच्या नुसत्या पाठी बघायलेय. गवत बघून माणसं एवढी हसत येत्यात व्हय? तिथं कायतरी असणार."

खेळणाऱ्यांखेरीज कुणाला मैदानावर सोडत नसत. म्हणजे पलीकडचं बघायचं तर खेळायलाच हवं. दुपारी साहेब परत आले तेव्हा त्यांच्या हातात सरबताचा ग्लास देता देता ताईंनी विचारून टाकलं, "साहेब, पुढल्या वर्षी मी खेळू का?"

साहेब माणूस वाईट नव्हता. पण तो हसला. "ताई, तुम्ही खेळलात तर नाश्त्याकडे कोण बघणार?" मग ताईंच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईनं म्हणाला, "शिवाय क्लबचा नियम आहे. हँडिकॅप असल्याशिवाय खेळू देत नाहीत. तेवढं आणा, मग बघू."

"आणते," ताई म्हणाल्या.

हँडिकॅप म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. एवढं मात्र दोघींना माहीत होतं की पुढल्या वर्षीचा गोल्फचा दिवस झाला की लगेच ताई रिटायर होणार होत्या. म्हणजे संधी ती एकच.

चाकणच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की गोल्फ शिकवणारी एक रेंज आहे. रेंज म्हणजे लांबच्या लांब मोकळं रान, कडेला रबराच्या मॅट आणि बॉलांनी भरलेल्या बादल्या. रविवारी सकाळी ताई मला स्कूटरच्या मागे बसवून तिथे घेऊन गेल्या. मी का गेले? त्यांनी डब्यात धपाटे घेतले होते म्हणून गेले. ताईंनी बॉल मांडला, काठी मॅटवर दोनदा आपटली, "निघा आता" म्हणाल्या आणि सगळी ताकद लावून फिरवली. काठी फिरली. ताईही फिरल्या. बॉल होता तिथंच.

"बॉल हसायलाय गं मला," त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना मॅटवर बसावं लागलं.

कोच शांत गृहस्थ होते. म्हणाले, "ताई, ताकद नको. टेम्पो हवा, टेम्पो."

ताईंनी चटकन वळून फाटकाकडे पाहिलं. "आलाय का? आत घ्या म्हणावं. काय न्यायचंय?"

यात त्यांची काही चूक नव्हती. चाकणकडे ज्यांची सगळी नोकरी झाली त्यांना टेम्पो म्हणजे एकच गोष्ट माहीत असते. कोचनी समजावलं की टेम्पो म्हणजे काठी मागे नेण्याची आणि पुढे आणण्याची लय. ताई मान हलवत राहिल्या, पण त्यांच्या डोक्यात ते शिरलेलं नव्हतं, आणि त्या दिवशी बॉलही फारसा कुठे गेला नाही.

सोमवारी दुपारी त्यांनी मला हाताला धरून डिस्पॅचच्या गेटपाशी नेलं. मालानं भरलेला एक टेम्पो बाहेर पडत होता.

"बग," त्या म्हणाल्या, "भरलेला टेम्पो कसा निघतो? दमानं. क्लच हळू सोडतो, मग वेग घेतो. एकदम रेस केली की माल सांडतोय. अन् मी काय करायले? रिकामा टेम्पो पळवायलेय!"

पुढच्या रविवारी त्यांनी भरलेला टेम्पो काढला. काठी दमानं मागे नेली, दमानं आणली, आणि बॉल असा काही उडाला की ताई जोरात ओरडल्या. शेजारच्या मॅटवरच्या माणसाचा नेम चुकला. त्यांनीच त्याला डब्यातलं धपाटं खायला देऊन समजूत काढली.

तेव्हापासून रविवार ठरून गेला. ताईंचे यजमान कारखान्यातून रिटायर झालेले, मिश्कील गृहस्थ. ते मला म्हणाले, "म्हातारपणी काठी लागतेच. हिला जरा लवकर लागली." गोल्फला हातमोजा डाव्याच हातात घालतात; ताईंच्या हातात एकच पाहून सोसायटीच्या वॉचमननं बिचाऱ्यानं दुसरा सगळ्या पार्किंगमध्ये शोधला. मैदानावर कॉलरशिवाय कपडे चालत नाहीत असा नियम कळला, तेव्हा ताईंनी टीशर्ट घेतले नाहीत. चऱ्होलीच्या टेलरकडून आपल्या सगळ्या पंजाबी कुर्त्यांना शर्टाच्या कॉलरी लावून घेतल्या. त्या कुर्त्यांवर त्या ऑफिसलाही यायच्या आणि त्या इतक्या रुबाबदार दिसायच्या की क्वालिटीतल्या दोन मुलींनीही तशा कॉलरी लावून घेतल्या.

हळूहळू माझ्याही हातात काठी आली. मला शिकायचं नव्हतं, पण ताईंना शिकवायचं होतं, आणि त्यांच्यापुढे कुणाचं चाललंय? काठी कशी धरायची ते कोचनी मला बोटांची नावं घेऊन सांगितलं होतं, ते मी विसरले. ताईंनी सांगितलं ते विसरले नाही. "कासारीण बांगड्या भरताना आपला हात कसा धरती? घट्ट न्हाई, सैल बी न्हाई. तशी धर." मी मारल्याबरोबर मान वर करून बघायचे, तर म्हणायच्या, "मान खाली ठेव. बॉल गेला तर लोकं सांगतील." आणि पहिल्या दिवशी शेजारचे पुरुष बघताहेत म्हणून मी अवघडून उभी होते, तेव्हा त्यांनी माझ्या पायाशी बादली सरकवली. "लाज एका बादलीची असती. ही बादली लाजत मार. दुसरी घेतली की खेळ चालू."

खरंच तसं झालं. दुसऱ्या बादलीत मला कुणी दिसेनासं झालं.

हँडिकॅपचा उलगडा पुढे कोचनी केला. नवशिक्याला काही फटके जास्त लागणारच. ते किती, हे आधीच ठरवून त्याच्या नावावर लिहून देतात आणि हिशेबात तेवढे वजा करतात. मग नवा माणूस आणि मुरलेला माणूस बरोबरीनं खेळू शकतात. ताईंनी ते कोचकडून दोनदा वदवून घेतलं. येताना सिग्नलला स्कूटर थांबवून मागे वळून मला म्हणाल्या, "आपलं कच्चेपण आधीच कबूल करायचं अन् वर म्हणायचं, या, बरोबरीनं खेळू. आजवर कुणी म्हटलं का गं असं आपल्याला?" मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी त्या माझ्याकडेच बघत होत्या. मला एकदम भरून आलं. सासर, ऑफिस, कुठेच कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या एका लहान मैदानावर कोचबरोबर त्या खेळत राहिल्या आणि थंडी पडायच्या सुमाराला त्यांना हँडिकॅप मिळालं. चोपन्न. याहून मोठं, म्हणजे याहून कच्चं, कुणाला देतच नाहीत. ताईंनी सोसायटीत पेढे वाटले. "मला हँडिकॅप मिळालं!" असं दारोदार हसत सांगणारी बाई बघून माणसं गोंधळली. तळमजल्यावरच्या काकांनी पेढा हातातच ठेवून हळू आवाजात विचारलं, "ताई, कुठं दुखणं निघालं?" आणि सगळं ऐकून झाल्यावरही म्हणाले, "असू द्या. सर्टिफिकेट जपून ठेवा. एसटीत सवलत मिळती."

ऑफिसात तर मजाच झाली. साहेबांचं हँडिकॅप अठरा आहे हे ड्रायव्हरनं सांगितलं आणि ताईंचं चोपन्न. कँटीनमध्ये सगळ्यांनी ठरवून टाकलं की ताईंनी साहेबांना तिपटीनं हरवलं. ताईंनी ते कुणालाही दुरुस्त करून सांगितलं नाही. साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "नाष्ट्याकडं ही बघंल." ही म्हणजे मी. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या ताई. शेवटच्या गटात तुमचं नाव घालतो."

आता ताई लातूरला मुलीकडे असतात. त्यांच्या जागी आलेला मुलगा सगळं मोबाईलवर करतो, चांगलं करतो, पण माझा डबा कुणी उघडत नाही. फोनवर ताई सांगतात की तिकडे गोल्फ नाही, पण भावाचं पडीक रान आहे, आणि म्हशींना आता सवय झाली आहे. त्यांची आठवण आली की मला मात्र तो गोल्फचा दिवसच दिसतो.

मी पोह्यांच्या टेबलामागे उभी होते. साहेबांचा गट टेकाडापलीकडे गेला आणि त्यांच्यामागून शेवटचा गट आला. दोन परदेशी पाहुणे आणि कॉलर लावलेल्या निळ्या कुर्त्यातल्या ताई. कंपनीची निम्मी माणसं काहीतरी निमित्त काढून बघायला थांबली होती. ताईंनी काठी मागे नेली, पुढे आणली, आणि बॉल जागचा हलला नाही.

एक पाहुणा भला होता, चटकन हसून म्हणाला, "प्रॅक्टिस, प्रॅक्टिस!" म्हणजे हा मोजू नका.

"नो, नो," ताई म्हणाल्या. "मारायलाच गेलते. वन." आणि बोट वर केलं.

दुसऱ्यांदा बॉल लागला आणि चार पावलं घरंगळला. "टू," त्या म्हणाल्या. आता माणसं हसायला लागली होती आणि ताईही हसत होत्या. मग त्यांनी एकदा खांदे सैल सोडले. काठी दमानं मागे गेली, आणि मला कळलं की हा भरलेला टेम्पो आहे. बॉल उडाला तो सरळ टेकाडाच्या माथ्यावर जाऊन पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईंनी मान खालीच ठेवली होती. लोकांनी सांगितलं तेव्हा त्यांनी वर बघितलं.

त्या टेकाड चढून गेल्या. माथ्यावर थांबल्या. मला वाटलं, आता वळून हात करतील. पण त्या समोर बघत होत्या, आणि त्यांना पाठमोरं बघताना मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. काठी एकदा वर गेली आणि खाली आली. मग त्या पलीकडे उतरू लागल्या. आधी कुर्ता दिसेनासा झाला, मग टोपी. समोर नुसतं टेकाड राहिलं.

बघायला थांबलेली माणसं पांगली. मी पोहे परतायला घेतले.

बॉल पुढच्या माणसांच्या रोखानं गेला की "फोर" असं ओरडून सावध करायचं असतं. ताईंना हा नियम पाठ होता. पण ऐनवेळी ज्याच्या त्याच्या तोंडी आपलीच भाषा येते. टेकाडापलीकडून खणखणीत आवाज आला, "ओ साहेब, सरका! सरका!"

माझ्या हातातला डाव कढईत पडला. आचारी दचकून धावत आला. "काय झालं मॅडम?"

"ताईंचा टेम्पो पोचला," मी म्हटलं.