बारवेच्या देवळीतला चुना

आम्ही बारवेला चुना फासला, हे खरं आहे. त्याची लाज मला तेव्हा नव्हती आणि आजही नाही. ज्यांना हसायचं असेल त्यांनी पोटभर हसून घ्यावं, मग पुढचं ऐकावं.

देऊळघाटच्या अलीकडे आमचं गाव. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी नुकतीच सून होऊन त्या गावात आले होते. घरची वांगी-मिरच्यांची वाडी, आणि वाडीला पाणी बारवेचं. काळ्या दगडाची जुनी बारव. एका अंगाला मोट, बाकी सगळीकडून पायऱ्या. भिंतींवर नक्षीच्या ओळी, आणि अगदी खाली, पाण्याच्या जरा वर, भिंतीतल्या कोनाड्यात, एका देवळीत, नाक झिजलेली देवी. गावातले बाकीचे आड उन्हाळ्यात तळ दाखवायचे, बारव कधी नाही. आमचा सारा माळीपुरा तिच्या जिवावर जगत होता.

गावच्या पाटलांना बारवेशेजारी कापसातली सरकी काढायचा कारखाना, जीन, टाकायचं होतं. शेजारी म्हणजे कसं? तर गोदामाची भिंत थेट बारवेच्या काठावर. "बारव कायची? पडीक खड्डा होय थो. बुजवून टाकू," असं ते चावडीवर बोलले, आणि तिथे बसलेले माना हलवून मोकळे झाले. धंदा येईल, गाव सुधरेल म्हणे. अहो सुधरेल, पण आमची वांगी काय हवेवर पिकणार होती? माझ्या सासूने हे ऐकलं आणि हातातली मिरच्यांची टोपली खाली आदळली.

"माह्या मढ्यावरून टाका म्हना गोदाम!"

शाळेच्या मास्तरांनी वाट दाखवली. जुन्या वास्तू जपणारं सरकारचं एक खातं असतं. त्यांचा साहेब येऊन पाहतो, आणि बारव पुरातन आहे असं त्याने लिहिलं, की तिला खेटून कोणाला वीटसुद्धा रचता येत नाही. मास्तरांनीच अर्ज धाडला. साहेब येणार असा निरोप आला तेव्हा नेमके मास्तर बहिणीच्या लग्नाला जानेफळला गेलेले.

आता मोठा माणूस येणार म्हटल्यावर आमच्याकडे काय करतात? पोरगी पाहायला पाहुणे येणार असले तरी आधी भिंतीला चुना लागतो आणि खाली गेरूचा पट्टा. सासू पदर खोचून उभी राहिली. "साहेब येऊन राह्यले अन् बारव अशी काळीढुस्स दाखवता का? काय म्हनन थो मानूस?" सगळा माळीपुरा कामाला लागला. काठापासून पाण्यापर्यंत बारव पांढरीफेक केली. नक्षीच्या फटीफटीत चुना भरताना जीव मेटाकुटीला आला. गेरूचे पट्टे मी ओढले, आणि सरळ ओढले. आम्हाला वाटलं, साहेब खूश होऊन जागेवरच सही ठोकणार.

साहेब जीपमधून उतरले, काठावर आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"हे कोणी केलं?"

आम्ही साऱ्या हसत पुढे झालो. आम्हीच, दुसरं कोण!

पाटील बाजूलाच उभे होते. त्यांना आयतंच सापडलं. "पाहा ना साहेब, कुठून जुनी दिसते? आमच्या वडलांच्या काळात बांधली असन." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. साहेब म्हणाले, नक्षी दिसत नाही, दगडाची घडण दिसत नाही, मी लिहू तरी काय? वर जुन्या दगडाला रंग फासल्याबद्दल आम्हालाच दटावलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सासूच्या मात्र नाही.

"साहेब," ती म्हणाली, "तुमी आज धुतलेला सदरा घालून आले. म्हून काय काल जन्मले का?"

जीपचा ड्रायव्हर फिसकन हसला. साहेब हसले नाहीत, पण जीपकडे वळलेले त्यांचे पाय थांबले. देऊळघाटला काम आहे, दिवस मावळायच्या आत याच वाटेने परत जाईन, तोवर दगड दिसला तर पाहीन, असं म्हणून ते गेले.

जीपची धूळ खाली बसायच्या आत आम्ही बारवेत उतरलो. तुराट्यांचे खराटे, गोणपाटाची फडकी, नारळाच्या शेंड्या, जे हाताला लागलं ते घेतलं. पाणी मारायचं आणि घासायचं, पाणी मारायचं आणि घासायचं. चुन्याने बोटं फाटली. पाटलांचा गडी काठावरून ओरडला, "दगडाले हात लावू नका! साहेबानं म्हनलं ना!"

"तुह्या पाटलाले म्हन, हिंमत असन तं खाली उतर अन् धर माहा हात!"

हे मी बोलले. मी, नवी सून, जिचा आवाज तोवर शेजारणीनेही ऐकला नव्हता! सगळ्या जणी घासायच्या थांबल्या. सासूने माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता ही मला घरी जाऊन सोलते.

ती म्हणाली, "बोलून झालं असन तं घास."

साहेब परतले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि ओला काळा दगड उघडा पडला होता. हंस दिसत होते, वेली दिसत होत्या. साहेबांनी काठावर बूट काढले आणि नक्षीवरून हात फिरवत ते पायरी पायरी खाली आले. देवळीपाशी येऊन थबकले. तेवढी देवळी आम्ही तशीच ठेवली होती, पांढरी, गेरूच्या कडेसकट.

"हेही काढा."

"नाई," सासू म्हणाली. "बाकी बारव पुरातन का काय थे लिहून घ्या. हे घर तिचं हाये. आम्ही निंघून जाऊ, थे इथंच बसन. तिनं काऊन अंधारात बसाव?"

साहेबांनी एकदा देवीकडे पाहिलं, एकदा सासूच्या फाटक्या बोटांकडे. मग पायरीवर बसून त्यांनी लिहिलं. जीन गावाच्या दुसऱ्या टोकाला झालं. पाटील त्यानंतर आमच्या घराशी बोलले नाहीत, आणि आमचं काही अडलं नाही.

मग बारवेवर पत्र्याचा निळा बोर्ड आला. रंग लावू नये. दिवा लावू नये. पाणी उपसू नये. पाणी उपसू नये! ज्या पाण्यासाठी आम्ही बोटं फोडली, ते आता नुसतं पाहत बसायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मोट बोर्डाच्या शेजारीच कुरकुरली. राखण करायला नेमलेला माणूस आमच्याच पुऱ्यातला, आणि त्याची बायको आमच्याबरोबर घागर घेऊन पायऱ्या उतरायची. तो अडवणार तरी कोणाला?

सासू गेल्यावर चुन्याचं मडकं माझ्याकडे आलं. दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी मी खाली उतरते, देवळीला चुन्याचा हात देते आणि गेरूची कड ओढते. मागे एकदा नवे साहेब तपासणीला आले. वय कोवळं, आवाज मोठा. माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले.

"आजी, वर बोर्ड लावलाय. वाचता येत नाही का?"

"येते ना," मी म्हटलं. "वाचूनच उतरली. तुमी उजेडातून सरका जरासे, पट्टा वाकडा जाईन."