पप्पांपर्यंत पोचलेला सूर

गेल्या रविवारी मी पप्पांना घेऊन लोनाडला गेले होते. तिथल्या जुन्या शिवमंदिरासमोर ऑर्केस्ट्रा होता... वेगवेगळ्या देशांतल्या वादकांचा! आपल्या भिवंडीजवळ असं काही ऐकायला मिळेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पप्पा यायला तयारच नव्हते. निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर आयुष्य गेलं, त्या खडखडाटात कान गेले. कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून काढून ठेवतात. हल्ली माणसांतच जात नाहीत... सख्ख्या भाच्याच्या हळदीलाही घरीच बसले.

"मना काय ऐकू येत न्हाय, मी येऊन काय करू?"

"देऊळ बघा ना!" कानाशी ओरडून म्हटलं, तेवढ्यावर कसेबसे निघाले.

ऊन उतरत होतं, दगडातल्या मूर्तींवर तिरका उजेड पडला होता. सारंगी, व्हायोलिन, बासरी, आफ्रिकेतलं भोपळ्याचं एक तंतुवाद्य... सगळे एकदम वाजायला लागले आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

शेजारी पप्पा मात्र देवळाची नक्षी बघत बसलेले. एवढा सोहळा, आणि माझ्या माणसापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. उठून घरी जावं असं वाटायला लागलं.

तेवढ्यात बाकीचे थांबले. एक परदेशी बाई डबल बास घेऊन पुढे आली. माणसाहून उंच व्हायोलिनच म्हणा ना! तिने एकटीने गज फिरवला... इतका खोल, भरदार आवाज की छातीत घुमला.

पप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"ह्यो येतंय."

"काय येतंय?" मी हातानेच विचारलं.

"ह्यो आवाज... येतंय मना!"

(डॉक्टरांना नंतर विचारलं. लूमवाल्यांना बारीक आवाज आधी ऐकू येईनासे होतात म्हणे, जाड आवाज कधी कधी येत राहतात.)

कार्यक्रम संपला. लोक सेल्फी काढत होते आणि पप्पा तडक त्या बाईसमोर जाऊन उभे! त्यांना इंग्रजी येत नाही, तिला मराठी. त्यांनी कानाला हात लावून मान हलवली, मग तिच्या वाद्याकडे बोट दाखवून हात छातीवर ठेवला.

तिला कळलं. तिने पप्पांचा तळवा धरून वाद्याच्या लाकडावर टेकवला आणि एक लांब सूर लावला. पप्पांनी डोळे मिटले. मग दुसरा सूर... मग तिसरा... मांडववाले खुर्च्या उचलायला लागले तरी ती वाजवतच होती.

रिक्षात बसल्या बसल्या पप्पांनी विचारलं, "पुना कधी हाय?"

त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. इतक्या जुन्या देवळासमोर तिने माझ्या बापासाठी वेगळी मैफल केली... कुठेही असो, तिचे हात असेच वाजवत राहोत. 🙏