पट्टा आणि सुरी

सीरियाच्या किनाऱ्यावरच्या तोर्तोसात पट्टा शिवून घ्यायचा तर ओसानकडेच, हे गावाला ठाऊक होतं. नवरा खोगिरं करायचा. तो तापानं गेला, तेव्हा आरी आणि दोरा तिच्या हातात आला. किल्ल्यातल्या बंधूंचे पट्टेही तीच शिवायची. लग्न न करता, स्वतःचं म्हणून काहीही न ठेवता देवासाठी तलवार धरणारे हे पांढऱ्या झग्यातले बंधू, आणि त्यांचा महंत म्हणजे ओसानचा एकुलता एक मुलगा, जोसेरां.

"तुझं काय बाई, पोरगा महंत!" बाजारात बायका म्हणायच्या. ओसान हसून चामडं उलटंपालटं करून बघत राहायची.

मठाचा नियम होता, की बंधूनं कुठल्याही बाईला जवळ घ्यायचं नाही, मग ती सख्खी आई का असेना. जोसेरांनं झगा घातला त्या दिवसापासून तिनं त्याच्या गालाला हात लावला नव्हता. रविवारी प्रार्थनेला तो पुढे असायचा आणि ती मागे खांबापाशी. त्याचे केस पिकत गेले तेसुद्धा तिनं पाठीमागूनच पाहिले. दरवर्षी ईस्टरच्या आधी मात्र ती त्याच्यासाठी नवा पट्टा शिवायची आणि शेवटचा टाका घालून झाला की आतली बाजू हळूच ओठांना लावायची. हे एका देवालाच माहीत होतं.

दारावर बंधू फुल्क असायचा. एका डोळ्यानं अधू, जिभेनं तिखट.

"या मावशी. यंदा भोकं जास्त पाडलीत ना? महंत वाळत चाललाय."

"मग वाढा की त्याला नीट!"

"वाढतो हो. तो उचलून दारच्या भिकाऱ्याला देतो. कुणाचा मुलगा आहे कोण जाणे!"

मठाचा आणखी एक नियम होता. बंधू शत्रूच्या हाती सापडला, तर त्याच्या सुटकेसाठी पट्टा आणि भाकरी कापायची सुरी एवढंच पाठवायचं. त्यापलीकडे काही नाही. समोरच्यानं सोडला तर सोडला.

शेजारच्या शमूनीचा मुलगा याकोब असाच गेला होता. शमूनी ओसानसारखी समुद्रापलीकडची नव्हे, इथलीच, सुरियानी ख्रिस्ती, ऑलिव्ह खारवून विकायची. याकोब किल्ल्यात साधा घोडेस्वार बंधू. तो सापडला तेव्हा शमूनी महंताच्या पायाशी जाऊन पडली. महंतानं खाली बघत तिला नियम वाचून दाखवला. पट्टा गेला, सुरी गेली, आणि याकोब काही परत आला नाही. तो पट्टाही ओसाननंच शिवलेला होता. तेव्हापासून शमूनीनं मधल्या भिंतीवरून कालवणाची वाटी देणं बंद केलं. विहिरीवर ओसान आली की ती घागर अर्धी भरलेली असली तरी उचलून चालती व्हायची.

आणि यंदा, कापणीच्या तोंडावर, नदीच्या उताराजवळ जोसेरांच पलीकडच्या अमीराच्या हाती सापडला. त्याचा घोडा कोसळला आणि तो खाली अडकला.

शमूनी भिंतीपाशी आली. कितीतरी दिवसांनी तिनं तोंड उघडलं.

"आता शिव पट्टा. बघ कसा हात चालतो ते."

  ओसान तशीच किल्ल्याच्या दारी गेली.

"फुल्क, आत एवढं सोनं पडलंय. तुमचा महंत आहे तो."

"म्हणून तर, मावशी." फुल्कची जीभ त्या दिवशी बोथट झाली होती. "पट्टा तुमच्या हातचा द्या. मी स्वतः घेऊन जातो. म्हाताऱ्याला कोण मारतंय?"

ओसाननं घरातलं सगळ्यात मऊ चामडं काढलं. पेटीच्या तळाशी तिची लग्नातली सोन्याची साखळी होती, जाड, नवऱ्याच्या आईची. तिच्या म्हातारपणाचा तेवढाच आधार. ती साखळी तिनं चामड्याच्या दोन पदरांत घातली आणि वरून इतके बारीक टाके घातले, की बोट फिरवलं तरी कळू नये. फुल्कला मात्र कानात सांगून ठेवलं, अमीराला एवढंच म्हण, की पट्टा उसवून बघा. पाप होतं का ते? तिनं मारियेच्या मूर्तीकडे बघितलं. "तूही आईच आहेस," एवढंच म्हणाली.

फुल्क परतला तो पायी, लगाम हातात धरून. ओसान वेशीपर्यंत गेली होती. शमूनीही मागे दारात उभी होती. फुल्कनं पट्टा पुढे केला. शिवण एका बाजूनं उसवलेली होती. मग त्यानं मुठीतली साखळी तिच्या हातावर ठेवली.

"अमीरानं घेतली नाही?"

"मी सांगायच्या आधीच महंतानं ओळखलं. पट्टा हातात घेतला, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, हा माझ्या आईचा हात आहे, पण आई इतकं जड शिवत नाही. सगळ्यांसमोर स्वतःच उसवला. अमीर वाईट नव्हता हो. साखळी बघून हसला, म्हणाला, एवढ्यात सोडतो, म्हातारीकडे जा." फुल्क लगामाचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"मग?"

"मग हा म्हणाला, याकोबसाठी पट्टा आणि सुरीच गेली होती. मी सोन्यावर सुटून आलो, तर शमूनीला कुठलं तोंड दाखवू? अमीराला ते झोंबलं." फुल्कनं आपला धड डोळा पुसला. "शेवटी महंत मला म्हणाला, आईला सांग, टाके फार सुंदर पडलेत."

ओसाननं पट्टा उलटा केला. आतली बाजू तशीच होती, कोरी, स्वच्छ. त्याच्या कमरेला तो लागलाच नव्हता. मागे दारात काहीतरी फुटलं. शमूनीच्या हातातली बरणी असावी.

बंधू गेला की त्याच्या वाट्याचं ताट चाळीस दिवस गावातल्या कुणा गरिबाला द्यायचं, ही मठाची रीत. दुसऱ्या दिवशी दुपारी फुल्क मसूर, भाकरी आणि वाटीभर द्राक्षरस घेऊन बाहेर आला. भिकारी रांगेत उभे होते. तो त्यांना ओलांडून थेट पायरीवर बसलेल्या ओसानसमोर आला.

"घ्या, मावशी."

"मी भिकारी नाही, फुल्क. साखळी आहे माझ्याकडे."

"आज गावात तुमच्याइतकं गरीब कुणी नाही."

ताट मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली. मसूर निवून त्यावर साय धरली. ज्याला वाढा म्हणून ती इथे भांडायची, त्याचं ताट. घास काही उचलवेना.

मग शेजारी कुणीतरी टेकलं. शमूनी. तिच्या ओच्यात खारवलेले ऑलिव्ह होते. तिनं ते ताटाच्या कडेला ठेवले.

"याकोबचं ताट एका आंधळ्याला मिळायचं," समोर बघत ती म्हणाली. "मी रोज लांब उभी राहून बघायची. त्यानं ताट चाटून पुसून खाल्लं की बरं वाटायचं. एकदा त्यानं अर्धं टाकलं. त्या दिवशी मी फार रडले."

ओसाननं तिच्याकडे बघितलं.

"माझ्यामुळे गेला तुझा जोसेरां," शमूनी म्हणाली.

"नाही गं."

"माझं नाव घेऊन गेला." तिनं भाकरीचा तुकडा मोडला, मसुरात बुडवला आणि ओसानच्या ओठांपाशी धरला.  "टाकायचं नाही. मी बघतेय. खा."

ओसाननं तोंड उघडलं.