मशीनवर काढलेला धागा

तुम्ही कधी कुणाकडून एखादं काम न सांगता करवून घेतलं आहे का? हुकूम नाही, विनंती नाही — नुसती अशी व्यवस्था करायची, की समोरच्या माणसाला दुसरा रस्ताच उरू नये. आणि वर स्वतःला म्हणता यावं, मी कुठे काही सांगितलं होतं?

मी घेतलं आहे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही — आणि त्यांच्यापासून लपवणं सगळ्यात जड गेलं. मी वाचायला शिकले तीच त्यांच्या चळवळीच्या पत्रकांवर. नंदनवन वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा वाटायचे, मी घड्या घालायची. पुढे मीच लिहू लागले. पत्रकात एक सोय असते, तिथे ‘आम्ही’ म्हणता येतं. आम्ही निषेध करतो. आम्ही खपवून घेणार नाही. आज ‘मी’ लिहायचं आहे, तर हात अडतो आहे.

सुमनमावशी, आईची थोरली बहीण. लग्न होऊन भंडाऱ्याकडच्या गावात गेली आणि तिथल्या बायकांसारखी कोसा काढू लागली. कोसा म्हणजे आपल्या रानातलं रेशीम. कोश सोड्याच्या पाण्यात उकळायचे, चार-पाच कोशांची टोकं एकत्र धरायची आणि उघड्या मांडीवर तळहाताने पीळ देत धागा ओढायचा. दिवसभर. कातडी आधी सोलवटते, मग तिला घट्टे पडतात, मग काही वाटेनासं होतं. काका गेल्यावर मावशी आमच्या शहरात, हुडकेश्वरला मुलाकडे राहायला आली, तेव्हा मी तिची मांडी पहिल्यांदा पाहिली. टाचेसारखी होती — काळी, कडक.

मी पेटले. पेटणं मला चांगलं जमतं.

शहराच्या कडेला, बेसा भागात एक गच्ची भाड्याने घेतली आणि धंदा सुरू केला. लोकर चरख्यावर कातायची, कोसा पायाने चालवायच्या मशीनवर काढायचा, मग दोन्ही पळसाच्या फुलांत नाहीतर डाळिंबाच्या सालीत रंगवून त्यांचे स्टोल विणून घ्यायचे. कोशाचं मशीन मावशीच्या घरी ठेवलं. प्रत्येक स्टोलला एक चिठ्ठी बांधलेली असे. मजकूर अर्थातच माझा: ‘हा धागा मशीनवर काढला आहे. यात कोणत्याही बाईच्या मांडीची कातडी गेलेली नाही.’ लोक स्टोल पाहायच्या आधी चिठ्ठी वाचायचे. बाबा तर एक चिठ्ठी सदऱ्याच्या खिशातच ठेवत आणि भेटेल त्याला दाखवत.

मावशी मशीनवर बसली की म्हणायची, “सकाळपासून सायकल चालवून राहिली मी, पण गाव काही येऊन नाही राहिलं!” हळूहळू तिचे घट्टे गेले. एकदा तिने मला बोलावून दाखवलं, “पाह्य वं, कशी पोरीसारखी झाली कातडी.” त्या दिवशी मला वाटलं, पत्रकाने खरंच काही होतं.

मग एका प्रदर्शनात एक बाई आल्या. मशीनचा कोसा बोटांत धरून म्हणाल्या, हा तर मिलचा वाटतो. शेजारी एक स्टोल होता — मावशीच्या पेटीतल्या धाग्याच्या जुन्या लडींचा, गावाकडे मांडीवर काढलेल्या. त्याला चिठ्ठी नव्हती, तो विकायलाही नव्हता. त्या बाईंचा हात त्यावरून हलेना. तो धागा कुठे जाड, कुठे बारीक, आणि पळसाचा पिवळा त्यात असा उतरलेला, की उन्हात धरल्यासारखा. त्या म्हणाल्या, असे स्टोल करा, पुढच्या वेळी सगळे घेते.

मी काय म्हणायला हवं होतं, ते मला ठाऊक होतं. तसली वाक्यं तर मी झोपेतही लिहू शकते. मी म्हणाले — करू ना.

त्यानंतर मी हुडकेश्वरला गेले. मशीनचा पट्टा सैल झालाय म्हणाले आणि ते उचलून गच्चीवर घेऊन आले. पट्टा सैल नव्हता. मावशीजवळ कोशांचं पोतं ठेवलं. “प्रदर्शन जवळ आलंय मावशी, बघ कसं जमतं ते.” एवढंच. मांडी हा शब्द मी उच्चारला नाही.

“मशीन कवा आणतं वं?” तिने दोनदा विचारून पाहिलं. “आणते,” मी म्हणाले. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. मी लडी न्यायला जायचे, तेव्हा तिच्या साडीवर मांडीच्या जागी खोबरेल तेलाचा डाग असायचा. ती उठताना भिंत धरायची. मी पाहिलं. पाहून लडी मोजायला लागायचे.

तुम्हाला कळतंय ना, मी काय केलं? घट्टे असते तर तिला कदाचित इतकं लागलं नसतं. ते मीच घालवले होते. मी तिची कातडी मऊ केली आणि मग तीच कातडी पुन्हा कामाला लावली.

नव्या स्टोलांना मी तीच चिठ्ठी बांधली. माझ्या हाताने.

प्रदर्शनात मावशी माझ्यामागे खुर्चीवर बसली होती. कॉलेजातली एक मुलगी चिठ्ठी वाचून तिला म्हणाली, “मावशी, आधी मांडीवर काढताना फार दुखत असेल ना?” मावशीने तोंड उघडलं. त्याआधी मीच बोलले, “आमच्याकडे मांडीवर काढतच नाहीत.” मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग त्या मुलीला म्हणाली, “हो बाई. मशीनवरच.”

घरी जाताना ती स्कूटरवर मागून म्हणाली, “एवढी वर्सं मांडीवर धागा काढला, मले कधी लाज नाही वाटली. आज वाटली वं.”

मी वळून पाहिलं नाही. रहदारी होती — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. रस्ता मोकळा होता.

मशीन परत नेलं, पण तोवर तिच्या मांडीवरची जखम चिघळून गेली होती. आता भरली आहे. तिथली कातडी मात्र ओढल्यासारखी झाली आहे. विहारात वंदनेला सगळे खाली मांडी घालून बसतात, मावशी मागे खुर्चीवर. कुणी विचारलं तर म्हणते, गुडघे गेले. गुडघे चांगले आहेत तिचे. ती अजून माझ्यासाठी खोटं बोलते आहे.

हे लिहिण्याआधी तिला विचारलं. म्हणाली, “लिही. पण ‘एक बाई’ असं नको लिहू. माझं नाव टाक.”

मला माफ करा असं मी म्हणत नाही. पण तुमच्याकडे आमचा पिवळा स्टोल असेल, तर तो बोटांत धरून पाहा. धागा कुठे जाड, कुठे बारीक लागला, तर चिठ्ठीवरची माझी वाक्यं खोडा आणि खाली लिहा — हा धागा सुमनबाईंनी मांडीवर काढला. मग स्टोल खुशाल पांघरा. कुणी विचारलं, किती सुंदर, कुठे घेतला, तर आधी तिचं नाव सांगा.